बार कोणता ते नंतर बघू, आधी रात्रीची मेस का बंद केली ते सांग

पत्र थोडक्यात असं: रावेर तालुक्यातली २२ वर्षांची मुलगी, वजन ५० किलो. सात महिन्यांपासून जळगावात तीन मैत्रिणींसोबत रूम करून राहते, पोलिस भरतीची तयारी चालू आहे. घरी केळीची बाग, पैसे पप्पा पाठवतात. पहाटे साडेपाचला ग्राउंड, सव्वा ते दीड तास, मग आंघोळ करून अभ्यासिका आणि मेसचं जेवण थेट साडेदहाला. ग्राउंडवर शिकवणाऱ्या एका सीनियर दादाने सांगितलं की पळण्याआधी एक प्रोटीन बार खायचाच. दादाच बॉक्स मागवतो आणि ९० रुपयाला एक देतो. सहा आठवडे झाले. पोट फुगतं, दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला गुरगुर सुरू होते, ८०० मीटरच्या शेवटच्या २०० ला पाय दगडासारखे होतात. दादा म्हणतो रिकव्हरी कमी पडतेय, नंतर पण एक बार सुरू कर. पैसे पुरत नाहीत म्हणून तिने रात्रीची मेस आधीच बंद केलीय, घरी माहीत नाही. प्रश्न असा की एनर्जी बार घेऊ की प्रोटीन बार, आधी कुठला आणि नंतर कुठला? आणि खाली एक ओळ: 'ताई, प्लीज केळी खा असं सांगू नका, केळी खाऊन कोणी भरती होत नाही, जन्मापासून तेच खाऊन राहिले.'

अगं पोरी, तुझी शेवटची ओळ वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, कारण उत्तराची सुरुवात मी केळीपासूनच करणार होते. आता नाही करत. पण येईन तिकडे थोड्या वेळाने, आधीच सांगून ठेवते.

मला दुसऱ्याच एका वाक्यावर बोलायचंय, जे तू पत्राच्या मध्ये सहज टाकलंस आणि पुढे निघून गेलीस. 'रात्रीची मेस बंद केलीय, तसंही रात्री जड खाऊ नये म्हणतात.' कोण म्हणतं गं? ज्याला दिवसभर दुकानात बसायचंय आणि पोट सुटलंय त्याला म्हणत असतील. तू पहाटे साडेपाचला उठून पळणारी मुलगी, तुझं रात्रीचं जेवण म्हणजे सकाळच्या ग्राउंडची तयारी असते. रात्री खाल्लेल्या पोळी-भाताचा साठा स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये होतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि सकाळी तू जे स्प्रिंट मारते ते मुख्यतः त्याच्यावर मारते. मोठ्या माणसात हा साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असतो, तुझ्या अंगकाठीला त्याहून कमी. तो रोज थोडा रिकामा होतो आणि रोज भरावा लागतो. तू सहा आठवड्यांपासून रिकामा करते आणि भरणारं जेवणच बंद केलंय, मग शेवटच्या २०० मीटरला पाय दगड नाही होणार तर काय होणार?

आता हिशोब कर. मेसची थाळी म्हणजे तीन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी, थोडा भात. त्यात प्रोटीन होतं अंदाजे अठरा-वीस ग्रॅम, आणि एनर्जी पाचशे ते सहाशे कॅलरी. तुझ्या बारमध्ये प्रोटीन २० ग्रॅम आणि कॅलरी २०० च्या आसपास. म्हणजे प्रोटीन जेवढ्यास तेवढं आणि वरचं सगळं गेलं. महिन्याचे २६ दिवस धरले तर बारचे २३४० रुपये झाले, मेसचा एक टाइम तू लिहिलंय तसा १५०० चा. जास्त पैसे देऊन कमी खाऊन राहिलीय तू, वं माय!

रॅपरचा फोटो पाठवलास ते फार चांगलं केलं, नाहीतर मी हवेतच बोलले असते. समोरच्या बाजूला काय आहे? पळणाऱ्या माणसाचं चित्र आणि मोठ्ठा आकडा २०. आता मागे फिरव आणि मोबाईलवर झूम कर, कारण मुद्दाम मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं. वजन ६० ग्रॅम. घटकांची यादी नेहमी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते, म्हणजे पहिली तीन-चार नावं म्हणजे खरा बार, बाकीचं वरवरचं. तुझ्यात पहिलं नाव प्रोटीन ब्लेंड, दुसरं माल्टिटॉल, कुठे कुठे त्याच्या जागी नुसतं ९६५ लिहितात, तिसरं चिकोरी रूट फायबर. आणि सगळ्यात खाली एक ओळ आहे जी बहुतेक तू वाचली नाहीस, की पॉलिऑल्समुळे, म्हणजे माल्टिटॉलसारख्या पदार्थांमुळे, जुलाबासारखा परिणाम होऊ शकतो. हे मी नाही म्हणत, त्यांनीच छापलंय, छापावंच लागतं.

माल्टिटॉल हा साखरेसारखा गोड पदार्थ, तो पूर्ण पचत नाही, खाली आतड्यात जाऊन आंबतो आणि गॅस होतो. चिकोरीचं फायबर पण तेच करतं. आरामात घरी बसून खाल्लं तर कुणाला काही होत नाही, कुणाला होतं, ज्याचं त्याचं पोट. पण खाऊन वीस मिनिटांत तू राउंड मारायला जाते, वर-खाली हिसके बसतात, तिथे पोट गुरगुरलं तर त्यात तुझा दोष काहीच नाही. आणि ग्राउंडवर मुलींसाठी धड बाथरूम नसतं हे मी वेगळं सांगायला नको. पळण्याच्या तोंडावर भरपूर प्रोटीन, भरपूर फायबर किंवा भरपूर फॅट, तिन्ही नको, कारण तिन्ही पोटात रेंगाळतात. तेव्हा प्रोटीन बार हा जगातला कितीही चांगला असला तरी पळण्याच्या आधी खायचा पदार्थ नाहीच. इथे तुझ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर झालं.

आता उरलेला अर्धा. 'आधी कुठला, नंतर कुठला' यात तू धरूनच चाललीय की आधी आणि नंतर बार लागतोच. हे कुठून आलं? गंमत म्हणून ऐक, १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रायन मॅक्सवेल नावाच्या कॅनेडियन मॅरेथॉन धावपटूने पॉवरबार काढला, कारण ४२ किलोमीटरच्या शर्यतीत शेवटी शेवटी अंगातलं इंधन संपतं हा त्याचा प्रॉब्लेम होता. पुढे १९९० मध्ये गॅरी एरिक्सन नावाचा एक सायकलवाला एका दिवसात १७५ मैल सायकल मारायला निघाला, म्हणजे २८० किलोमीटर, जळगावहून नाशिकच्याही पुढे, आणि तेच तेच बार खाऊन इतका वैतागला की त्याने घरी येऊन स्वतःचा बार करायला घेतला, तो १९९२ ला बाजारात आला क्लिफ बार नावाने. सांगायचं एवढंच की ही वस्तू जन्मली ती तासन् तास चालणाऱ्या कामासाठी. तुझे ८०० मीटर म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. १०० मीटर म्हणजे श्वास दोनदा घेतला की संपलं. गोळाफेक तर सोडूनच दे. पूर्ण प्रॅक्टिस धरली, वॉर्मअप, गप्पा, दादाचं भाषण, तरी दीड तास. रात्री पोटभर जेवलेल्या माणसाला एवढ्याला मधेच काही खावं लागत नाही, पाणी पुरतं.

फक्त एक आहे, झोपेत लिव्हरचा साठा बराच खाली येतो, त्यामुळे उठल्यावर अगदी उपाशी पळलं तर काहींना गरगरतं. त्यासाठी पळण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पंचवीस-तीस ग्रॅम साधं, पटकन पचणारं कार्ब, म्हणजे पिष्ट किंवा साखर, बस. ते कशातून घ्यायचं ते तुझ्या मनावर. चार-पाच खजूर, नाहीतर दोन राजगिऱ्याचे लाडू, नाहीतर रात्रीच्या पोळीला गूळ लावून रोल, अगदी घाई असेल तर चक्क पाच-सहा ग्लुकोज बिस्किटं, मी काही नाक मुरडणार नाही. गूळ आहे म्हणून फार पौष्टिक आणि साखर आहे म्हणून विष असलं काही पळण्याआधीच्या या अर्ध्या-पाऊण तासात नसतं, पायाला दोन्ही सारखंच. दिवसभर दोन्ही बेताने हा वेगळा विषय.

आणि हो, एक मध्यम केळं. पंचवीस-सत्तावीस ग्रॅम कार्ब, शंभर कॅलरी, मऊ, पोटाला हलकं, आणि निसर्गाने रॅपर पण दिलंय. झालं, बोलले एकदाचं.

केळीवरचा तुझा राग मला कळतो बरं का. भाव पडला की व्यापारी कापणीला यायचं टाळतो, घड झाडावरच पिकायला लागतात, मग घरात सकाळी शिकरण, दुपारी केळ्याची भाजी, संध्याकाळी 'खा गं एक, वाया जातंय', आणि तरी उरलेलं गुरांपुढे. अशा घरातून जळगावला आलेल्या मुलीला रूमवरच्या पोरींसमोर पिशवीतून केळं काढायला नको वाटतं आणि चकचकीत रॅपर फाडलं की आपण पण खेळाडू वाटतो, यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. पण एवढं लक्षात ठेव, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत परदेशी खेळाडूंच्या पाठीच्या खिशात बारच्या शेजारी केळं पण असतं. त्यांना कुणी गावंढळ म्हणत नाही. तरी नकोच वाटत असेल तर नको खाऊ, खजूर आहेत ना.

नंतरचं आता. दादा म्हणतो रिकव्हरी. ती अर्ध्या तासात प्रोटीन गेलं नाही तर मसल तुटतो वगैरे भीती तुझ्या पत्रात पण आहे, ती काढून टाक डोक्यातून. दिवसभरात एकूण किती प्रोटीन जातं ते जास्त महत्त्वाचं. तुझ्यासारख्या व्यायाम करणाऱ्या माणसाला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धर, म्हणजे तुला ६० ते ८०. एका वेळेला पंधरा-वीस ग्रॅम, असं तीन-चार वेळा विभागून. दोन वेळची मेस असेल तर त्यातच चाळीसच्या आसपास होतात. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, सात ग्रॅम. राहिलं ग्राउंडनंतरचं.

खरं भोक इथे आहे बघ. सात वाजता ग्राउंड संपतं आणि जेवण साडेदहाला. साडेतीन तास तू उपाशी अभ्यासिकेत बसते, तेव्हा तुला जे वाटतं की बारशिवाय अंगात जीव येत नाही, ते बारचं कौतुक नाही, नाश्ता नसल्याची भूक आहे. सकाळी परत येताना पाव लिटरची दुधाची पिशवी घे, रूमवर फ्रिज नाही तरी चालेल, लगेच तापवून प्यायची, आठ ग्रॅम झाले. सोबत पन्नास ग्रॅम फुटाणे, दहा-अकरा ग्रॅम. फुटाण्याने पण गॅस होतो म्हणशील, तर मूठभरापासून सुरू कर आणि चावून खा. अंडी खात असशील तर दोन उकडलेली, बारा ग्रॅम, विषय संपला. आणि मेसवाल्या मावशींना एकदा विचारून बघ की रात्रीच्या डब्यात दोन भाकरी जास्तीच्या द्याल का म्हणून. कळण्याची भाकरी सकाळी दही आणि शेंगदाण्याच्या चटणीसोबत कुस्करून खाल्ली, ज्वारी आणि उडीद दोन्ही आलेच त्यात, तर मला सांग कुठला बार त्याच्यापुढे उभा राहतो. जरा वेळ लागेल पचायला पण तेव्हा तुला पळायचं थोडंच आहे, अंकगणित सोडवायचंय.

पैशाचं बोलायचं तर फुटाणे किलोला दीडशे धरले तरी वीस ग्रॅम प्रोटीन पंधरा रुपयात येतं. बारमध्ये नव्वदला.

दादाबद्दल. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, कदाचित त्याला मनापासून तसंच वाटत असेल, तो पण कुणाकडून तरी ऐकून आला असेल. पण जो सल्ला देतो तोच माल विकतो तेव्हा सल्ल्याला आपण स्वतः एकदा चाळणी लावायची, मग तो दादा असो, जिमवाला असो की डॉक्टर. आणि बघ ना, एका बारने पोट बिघडलं तर उपाय काय, दुसरा बार! भांडू नको त्याच्याशी, तुला त्याच ग्राउंडवर पळायचंय. 'दादा, माझ्या पोटाला सूट होत नाही' एवढं एक वाक्य पुरे, त्यावर कुणाला वाद घालता येत नाही.

अजून एक, आणि हे मी तुझ्यासारख्या प्रत्येक मुलीला सांगते. एकदा हिमोग्लोबिन तपासून घे, सरकारी दवाखान्यात होतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं होतं, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त. लवकर दम लागणं, पाय जड होणं, हे त्याचं पण लक्षण असतं. तुझं रात्रीचं जेवण हे एक कारण मला दिसतंय, पण ते एकटंच असेल असं नाही. कमी निघालं तर गोळ्या डॉक्टर देतील, आणि जेवणाला चिकटून चहा घ्यायची सवय असेल तर तास-दीड तास मागे-पुढे कर, चहा अन्नातलं लोह अडवतो. पाळी अनियमित झाली असेल या दीड महिन्यात तर ते पण डॉक्टरांना सांग, कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलींमध्ये होतं तसं.

आता तू म्हणशील ताई बारच्या विरोधातच आहेत. अजिबात नाही. माझ्या स्वतःच्या पर्समध्ये एक असतो. फक्त मागच्या मे महिन्यात भुसावळला जाताना एसटीत चॉकलेटचं कोटिंग असलेला बार वितळून डायरीच्या पानांत शिरला, अजून त्या पानांना वास येतो, तेव्हापासून कोटिंगवाला घेत नाही. आपल्याकडच्या उन्हाला तो माल बनलेलाच नाही.

तुझ्यासाठी बारचा खरा उपयोग आहे भरतीच्या दिवशी. दुसऱ्या जिल्ह्यात फॉर्म भरला असेल, रात्रभर एसटी नाहीतर रेल्वे, पहाटे गेटवर लाइन, कागदपत्रं, उंची, छातीवर नंबर, आणि तुझी बॅच कधी लागेल याचा पत्ता नाही, सहाला की अकराला. तिथे केळं पिशवीत दबून काळं पडतं, लाडवाचा चुरा होतो. तिथे बार खिशात गपचूप बसतो. त्यासाठी एनर्जी बार घे, चाळीस ग्रॅमच्या आसपासचा, ओट्स-खजूर-मध असल्या प्रकारातला, कार्ब पंचवीसच्या वर, प्रोटीन पाच-सातपर्यंत, फायबर तीन-चारच्या वर नको, माल्टिटॉल नको, कोटिंग नको. 'नो अॅडेड शुगर' लिहिलंय म्हणून साखर नाही असं समजू नको, खजुराची असतेच, आणि आपल्याला या कामाला ती हवीच आहे. आकडे बघताना शंभर ग्रॅमचा रकाना आहे की एका बारचा ते आधी बघ, तिथे भले भले फसतात. असे तीन-चारच घे, आणि त्यातला एक-दोन प्रॅक्टिसला खाऊन बघ, भरतीच्या दिवशी पहिल्यांदा कुठलीच नवी गोष्ट पोटात घालायची नाही. शारीरिकचे ५० मार्क आहेत, त्यातले काही बाथरूम शोधण्यात घालवायचे का?

बाकीचे वाचणारे असतील, त्यांच्यासाठी पटकन. जळगावहून अजिंठ्याचा घाट करून परत येणारे सायकलवाले किंवा तोरणमाळ चढणारे, तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही चार-पाच तास घालवता. तुम्हाला पहिला तास झाला की दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कार्ब लागेल, तिथे बार, चिक्की, केळी सगळं आलटून पालटून खा, घासाघासाने, भूक लागायची वाट बघू नका. चिक्कीतल्या दाण्यांचं फॅट चढाच्या आधी जड पडतं, ती उतारावर किंवा थांब्यावर ठेवा. आणि पाण्यासोबत मीठ विसरू नका, एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, वर लिंबू पिळा. शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही नको. आणि तलावावर अर्धा तास फिरून येऊन बार खाणाऱ्या काका-काकूंनो, तुम्ही फिरून जेवढं जाळलं त्याच्यापेक्षा जास्त त्यात असतं, घरी जाऊन नाश्ताच करा.

तर पोरी, मेस उद्यापासून सुरू कर, महिना संपायची वाट बघू नको, मावशी अर्ध्या महिन्याचे पैसे घेतात सहसा, विचार. पप्पांना सगळं रामायण सांगायची गरज नाही, पण मेस मध्ये बंद होती आणि आता सुरू केली एवढं खरं सांग, रविवारी फोन करशील तेव्हा. दहा दिवसांनी टाइम लाव आणि मला कळव, आकडा लिहून. आणि बॉक्समधले चार बार उरलेत म्हणालीस ते फेकू नको, पैसे दिलेत. संध्याकाळी पाचला अभ्यासिकेत जेव्हा पोटात कावळे ओरडतात तेव्हा अर्धा-अर्धा खा, सोबत भरपूर पाणी. सकाळी मात्र नाही.